थेंबगाडीची मागची भिंत

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, मोटार चालवता येत नाही. आणि माझा धंदा लोकांना मोटार शिकवण्याचा. यावरून घरात किती टोमणे मारून झाले असतील ते तुम्हीच समजून घ्या. मी त्यांना एकदा शिकवायला बसवलंही होतं. चौकात सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि हे आपले समोरच्या दुकानाच्या कमानीकडे टक लावून बसलेले. "ती कमान पोकळ आहे बघ," म्हणाले. "मागून नुसता टेकू दिलाय. जोराचं वारं आलं तर पडेल." त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

त्यांचाही दोष नाही म्हणा. माणसाने उभी हयात नाटकांचे सेट लावण्यात घालवली. चित्र काढून देणारा वेगळा असायचा, टाळ्या घेणारे वेगळे. भाऊजींकडे सुतारकाम आणि उभारणी. दुपारी रिकाम्या रंगमंचावर दिवाणखाना उभा करायचा, प्रयोग संपला की तोच पाडून ट्रकमध्ये भरायचा, की पुढचं गाव. त्यांनी जेवढी घरं बांधली तेवढी एखाद्या बिल्डरनेही बांधली नसतील, आणि त्यातलं एकही दुसऱ्या दिवशी जागेवर नसायचं. गावं मात्र त्यांनी नाट्यगृहाच्या मागच्या दारातूनच पाहिली. समुद्र दोन गल्ल्या पलीकडे आहे हे ऐकायचं, आणि ट्रकवर ताडपत्री बांधायला लागायचं.

ताई घरी. तिची रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी, घर, पाहुणेरावळे. भाऊजी दर दौऱ्याहून आले की तिला सांगायचे, "निवृत्त झालो की दोघं जाऊ. सगळं दाखवतो तुला." ताई म्हणायची, "तुम्ही तरी कुठे पाहिलंय?" मग दोघंही हसायची. हे इतकी वर्षं चाललं की मला तो संवाद पाठ झाला होता.

आणि निवृत्ती तोंडावर आली असताना ताई लॅबच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये अडकली. वीज गेली, दिवा गेला, आत ती एकटी, आणि खाली कुणाला पत्ताच नाही. खूप वेळाने बाहेर काढलं तिला. बाहेर आली, पाणी प्यायली, राहिलेलं काम उरकून घरी आली. आम्ही म्हटलं, वा, खमकी आहे. पण त्या दिवसापासून तिला बंद दार सोसेना. जिना चढून दमली तरी लिफ्टचं नाव नाही. न्हाणीघराची कडी लावायची नाही, त्याऐवजी आतून मोठ्याने गाणं म्हणायचं. हॉटेलची खोली नको, रेल्वेचा झोपायचा डबा नको. माझ्या गाडीत बसली तरी तिच्या बाजूची काच सताड उघडी. थंडी असो, धूळ असो, आम्ही सगळे शिंकत बसायचो आणि ती खिडकीला नाक लावून. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ताई तर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

भाऊजी निवृत्त झाले, आणि दोघं जायची राहिली.

अशात त्यांनी कुठेतरी त्या गाडीचं चित्र पाहिलं. मोटारीच्या मागे अडकवायची चिमुकली गाडी, आडव्या पडलेल्या थेंबासारखी. आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, बस्स. उभं राहायचीही सोय नाही. मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा. भाऊजींनी तिला थेंबगाडी असं नाव ठेवलं आणि ती स्वतःच्या हाताने बनवायची असं जाहीर केलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "जिला लिफ्ट सोसत नाही तिला तुम्ही कपाटात झोपवणार? चाकं लावली म्हणून काय झालं, कपाटच ते."

"दुसऱ्याने केलेलं कपाट त्याला हवं तसं उघडतं," ते म्हणाले. "आपण केलेलं आपल्याला हवं तसं."

मला ती तेव्हा पोपटपंचीच वाटली. पण ताई काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही की मी सावध होते. दोन दिवसांनी तिने अट घातली, माझ्या देखत. "करा गाडी. मी एक दुपार तिच्यात झोपून बघेन, दार लावून. माझी मला जाग येईपर्यंत झोपले, तर तुम्ही म्हणाल तिथे येईन. नाही जमलं तर गाडी कुणाला तरी देऊन टाकायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. मला दर वेळी नाही म्हणायचा कंटाळा आलाय."

"कबूल," भाऊजी म्हणाले. एका दुपारवर माणसाने एवढं लावू नये.

गाडी बनणार होती माझ्या शेडमध्ये, कारण दुसरी जागाच नव्हती. ओढणार होती माझी मोटार, आणि चालवणार होते मी. हे मला कुणी विचारलं नव्हतं. धाकट्या मेहुणीला कोण विचारतं? रोज सकाळी माझ्या शिकाऊ गाड्यांवर लाकडाच्या भुशाचा थर. लोक सीटवर बसायचे आणि पाठीला भुसा घेऊन घरी जायचे.

खालचा लोखंडी सांगाडा, चाकं आणि जोडणीचा आकडा भाऊजींच्या एका वेल्डर मित्राने करून दिला. वरचं सगळं भाऊजींचं. शेडच्या जमिनीवर त्यांनी खडू आणि सुतळी घेऊन तो थेंब काढला. चार वेळा पुसला, पाचव्यांदा काढून भिंतीपाशी जाऊन डोळे बारीक करून बघत बसले. मग त्या रेघेवरून प्लायवूड कापलं. छताची वळणदार पाठ करायला पातळ प्लायवूडवर ओली गोणपाटं टाकून ते दोरांनी हळूहळू ओढून वाकवायचं, रोज थोडं थोडं. पहिलं वाकवताना असं काडकन फुटलं, की बाहेर पहिल्यांदाच स्टीअरिंग धरलेल्या एका बाईंनी दचकून ॲक्सिलेटर दाबला आणि माझी गाडी कुंडीत घातली. मी आत जाऊन भांडले. भाऊजी म्हणाले, "वाळलं होतं गं. घाई केली मी." कुंडीबद्दल एक अक्षर नाही.

पण खोटं का बोला, गाडी सुरेख होत होती. दोन लाकडांमध्ये थर्माकोल, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर निळा रंग. दाराला गोल खिडकी. छताला हवेसाठी छोटी झडप. दाराची मूठ तर पितळी, कोरीव, एखाद्या सरदाराच्या वाड्याला शोभेल अशी. ती त्यांनी जुन्या नाटकाच्या सामानातून मागून आणली होती. ज्या दिवशी गाडी शेडबाहेर काढली, त्या दिवशी मीसुद्धा "वा" म्हणाले. मग मी चालत तिच्या पलीकडच्या बाजूला गेले.

तिकडे कोरं लाकूड होतं. रंग नाही, पत्रा नाही. मधोमध गादीएवढी लांब एक सुटी फळी बिजागऱ्यांनी अडकवलेली, आणि तिच्यावर काळ्या खडूने लिहिलेलं: "डावी २. आधी ही. वर ↑".

"हे काय?" मी ओरडले.

"काय?" भाऊजी आले. "ती मागची बाजू."

"मागची बाजू म्हणजे?"

"म्हणजे," ते मला समजावायला लागले, "पुढून नाही दिसत ती."

वेल्डर कपाळाला हात लावून खालीच बसला. मी म्हटलं, "भाऊजी, रस्त्याला पुढची बाजू नसते! ओव्हरटेक करणारा काय तिकीट काढून एका बाजूला बसलेला असतो?" भाऊजींनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाजून हसले. खरंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आयुष्यभर भिंतीला एकच बाजू असते असं मानलेला माणूस.

तरी रंगाचं परवडलं. खरी आफत ती फळी होती. सेटच्या भिंती जोडायची त्यांची एक रीत होती. गोंद नाही, स्क्रू नाही. बिजागरीचा एक पंख या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला, आणि दोन्हींच्या मधून वरून सोडलेली एक सुटी खीळ. खीळ वर ओढली की भिंत सुटी. पाचेक मिनिटांत अख्खं घर ट्रकमध्ये जायचं ते असं. तशीच ही मागची भिंत: खाली खाचेत बसवलेली, दोन्ही कडांना बिजागऱ्या, त्यांत खिळी. आम्ही रिकामी गाडी घेऊन चक्कर मारायला निघालो, आणि पहिल्याच खडबडीत रस्त्यावर दोन खिळी उडाल्या. आरशात बघते तर भिंतीची एक कड फडफडतेय आणि शेजारून चाललेला मोटरसायकलवाला हातवारे करून घसा फोडतोय. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, भाऊजींना फैलावर घेतलं.

"गोंद लावा, स्क्रू मारा, काय वाटेल ते करा, पण हे नाटक बंद करा!"

वेल्डरही माझ्या बाजूने होता. भाऊजींनी मुकाट्याने सगळी गाडी पुन्हा गोंद आणि स्क्रूंनी पक्की केली. मागच्या बाजूला पत्रा आला, निळा रंग आला. पण ती एक भिंत मात्र त्यांनी खिळींवरच ठेवली. खिळी उडू नयेत म्हणून वरून लोखंडी चिमटे बसवले. प्रवासात लावायचे, मुक्कामाला काढायचे. मी तोंड दुखेपर्यंत वाद घातला.

"एवढं काय अडलंय तुमचं त्या खिळींवाचून?"

"सवय गं," ते म्हणाले आणि रंधा शोधायला लागले. रंधा त्यांच्या हातातच होता.

आत भिंतीला उशीच्या बाजूने बारीक भोकं होती आणि त्यांतून लाल सुती दोऱ्यांचे फास लोंबत होते, प्रत्येकाला एकेक लाकडी मणी. "हे काय, पडद्याचं?" मी विचारलं. "की भूक लागली की घंटी वाजवायची?" ते नुसते हसले. मी म्हटलं, सेटवाल्याला नटवल्याशिवाय चैन पडत नाही.

शेवटी ती दुपार उजाडली. शहराबाहेर एक तळं आहे, काठाला मोठी झाडं. जन्मात कधी चालवली नसेल इतकी जपून मी गाडी चालवली. ताई शेजारी, काच खाली, नाक खिडकीत. सावलीला गाडी उभी केली. भाऊजींनी चाकांना दगड लावले, चिमटे काढले, मग दोघं आत शिरली आणि बराच वेळ त्यांचं काहीतरी कुजबुजत चाललं होतं. मला वाटलं, धीर देतायत. मग भाऊजी एकटेच बाहेर आले. ताईने आतून दार ओढून घेतलं. टक्.

आम्ही दोघं झाडाखाली घडीच्या स्टुलांवर बसलो. मी चहा केला. भाऊजींचा कप हातातच निवला. आतून आवाज नाही. पाखरं ओरडली तरी भाऊजी त्यांच्याकडे रागाने बघायचे. सावली सरकून गाडीच्या टपावरून खाली आली, तरी आतून हूं नाही की चूं नाही.

आता मला ते सहन होईना. झोपली असेल तर उत्तम, पण आत घाबरून थिजली असेल तर? लिफ्टमध्येही ती ओरडली नव्हती. "मी फट करून बघते," मी पुटपुटले. भाऊजींनी नको नको म्हणून हात हलवला, तोवर मी दाराशी पोचले होते. मूठ धरली, हलकेच फिरवली, आणि ती सरदारी मूठ माझ्या हातात आली. नुसती मूठ. दार जागच्या जागी.

त्या मुठीने जन्मभर नाटकात काम केलं होतं. खरं दार उघडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

आत ताई, दार अडकलेलं, आणि ते मी अडकवलेलं. आता ती उठणार, दार ढकलणार, दार उघडणार नाही. पुन्हा लिफ्ट. मग आयुष्यात ती कुठेही यायची नाही, आणि भाऊजी तिला कधी काही विचारायचेही नाहीत. मी दारावर थाप मारायला हात उचलला. तो भाऊजींनी वरच्या वर धरला.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुणेने मागच्या बाजूला नेलं.

दोन प्रवेशांच्या मध्ये रंगमंचावर अंधार करतात. त्या अंधारात दिवाणखान्याचं रेल्वे स्टेशन करायचं असतं, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला खुर्ची सरकल्याचाही आवाज जायला नको. भाऊजींनी हे हजारदा केलं असेल. मी ते भर दुपारी पहिल्यांदा पाहिलं. ज्या माणसाला मी गिअर बदलताना घाम फुटलेला पाहिला होता, त्याचा हात आता जराही कापत नव्हता. चपला काढल्या. मलाही काढायला लावल्या. मला एका टोकाला उभं केलं, भिंतीवर माझे दोन्ही तळहात टेकवून दिले, आणि डोळ्यांनी सांगितलं, धर. मग एकेक खीळ दोन बोटांत धरून, श्वास सोडावा तशी वर काढली. काढली की खिशातल्या रुमालात. एक, मग दुसरी, मग पलीकडची. शेवटची निघाली तेव्हा भिंतीचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं. त्यांनी दुसरं टोक धरलं, मान हलवली, आणि आम्ही ती अख्खी निळी भिंत उचलून दोन पावलं मागे घेतली.

आत ताई कुशीवर झोपलेली. एक हात गालाखाली. डोळे टक्क उघडे.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली.

मी भिंत हातात धरून तशीच उभी. "तू... तू जागी आहेस?"

"मघाशीच जाग आली एकदा. दाराची मूठ फिरवली तर ती नुसती गरगर फिरायला लागली."

म्हणजे मी मोडली नव्हती! एवढ्या गोंधळातही माझ्या मनाने आधी ती नोंद घेतली. "मग हाक का नाही मारलीस? आम्ही इथे मरतोय!"

ताईने गालाखालचा हात पुढे केला. मुठीत लाल दोरीचा मणी. "हा ओढला की खीळ वर येते, भिंत निघते. सगळ्या ओढून बघायला लावल्या यांनी मला, चिमटे काढल्यावर. एक मघाशी परत ओढून बघितली. सरकली. म्हटलं, निघता येतंय. मग कशाला निघू? वरून वारा किती छान येत होता. धरून ठेवला हातात आणि झोपले परत." मग हसून म्हणाली, "आत्ता एकेक दोरी आपली आपण सैल पडायला लागली, तेव्हा कळलं, आलात म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या मला राग आला. "सवय म्हणालात ना मला? सवय! ही भिंत हिच्यासाठी होती, मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं," भाऊजी म्हणाले, "तर तू हिला रोज म्हणाली असतीस, घाबरू नकोस, घाबरू नकोस. ते ऐकून धडधाकट माणूस घाबरतं."

आम्ही भिंत गवतावर ठेवली. भाऊजी तिच्याच कडेवर मटकन बसले. ते रुमाल उघडून खिळी पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसतही नव्हते.

"अट काय होती?" त्यांनी विचारलं. "तुझी तुला जाग येईपर्यंत."

"माझी मला दोनदा आली," ताई म्हणाली. "सरका जरा. पाणी दिसत नाहीये मला."

ते सरकले. ती तशीच पडून तळ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा चहा ठेवायला मागे गेले आणि झाकणाआड उभी राहून मनसोक्त रडून घेतलं. इतकं हलकं मला लिफ्टच्या त्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

दाराला आता हार्डवेअरच्या दुकानातली साधी मूठ आहे. दिसायला अगदी सामान्य, पण उघडते. पितळी मूठ भाऊजींनी माझ्या शेडच्या दाराला नुसती शोभेला ठोकून दिली.

जायचं ठरलं तेव्हा मी पिशवी भरायला घेतली. चालवणारी मीच ना. तर ताई म्हणाली, "तू कशाला? आत दोघांचीच गादी आहे. मला शिकव."

आणि शिकली. धांदरट शिकाऊ नव्हे, आरशात बघणारी, ब्रेकवर पाय हलका ठेवणारी. निघायच्या आधी थेंबगाडी मागे जोडून आम्ही तिघं शेवटच्या सरावाला बाहेर पडलो. ताई स्टीअरिंगवर, मी शेजारी, भाऊजी मागे. मोकळ्या रस्त्यावर खडीचा एक ट्रक पुढे आला आणि धुळीचा लोट आमच्यावर. मी खोकायला लागले. ताईने पुढच्या ट्रकवरची नजर न काढता उजवा हात सोडला, बटण दाबलं, आणि तिच्या बाजूची काच सरसर वर जाऊन बंद झाली.

मी आरशात भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प बसले, आणि ताईने गिअर बदलला.